निवल्यावर दोन थेंब

परळ, ता. ४ फेब्रुवारी १८९५

तीर्थस्वरूप सौ. सुभद्राताईस धाकट्या दौलतचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल.

शनिवारी गिरणीच्या कारखान्यात लेथवर लोखंडी दांडा कातून दाखवायचा आहे. साधला तर लेथ माझ्या हाती, नाही तर पुन्हा घण. त्यासाठी कातायचं हत्यार करायला विलायती पोलादाचे बोटाएवढे दोन तुकडे मिळाले. एक भट्टीत तापवून धारेला आणला आणि तू दिलेलं बाबुलनाथाचं तीर्थ श्रद्धेने लगेच शिंपडलं. तुकडा तडकला. गुणाजी मिस्त्री म्हणाले, ताईच्या देवाने निकाल आधीच लावला. आता एकच उरला. तुकड्यांबरोबर आलेला इंग्रजी कागद सोबत पाठवतो; इथे तो वाचणारा एक साहेबच, त्याला विचारायची माझी छाती नाही. तुकडा धरायला दोन पकडी आहेत, एक लांब नाजूक, एक आखूड जाड. मला लांब आवडली. तू मॅट्रिक झालीस, त्याचं पुण्य भावाला लागू दे.

तुझा दौलत

गिरगाव, ता. ६ फेब्रुवारी

चि. दौलतास ताईचे पोटभर आशीर्वाद.

कागद शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. हे पोलाद तापवून नुसतं हवेत ठेवलं की आपोआप कडक होतं. गरम असताना पाण्याचा थेंबही लावू नये, असं ठळक छापलं आहे. तेव्हा देवाला बोल लावू नकोस. अभिषेक निवल्यावर करायचा.

पकड आखूड जाडच घे. तुकडा जेवढा कमी बाहेर, तेवढा कमी थरथरतो. बोरू टोकापासून लांब धरलास की तुझं अक्षर कसं नाचायचं ते आठव. ऐटदार दिसेल ते उचलायची तुझी खोड जुनीच. त्या किरमिजी पागोट्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला.

शनिवारपर्यंत मी साखर सोडली आहे. इकडच्या स्वारीकडून थट्टा झाली की देव पावो न पावो, पावशेर साखर तरी वाचेल. माझ्याही मनात ते आलं होतं, पण कबूल केलं नाही.

तुझं पत्र येईल तेव्हाच माझा जीव भांड्यात पडेल.

सुभद्रा

परळ, ता. १० फेब्रुवारी

ताईच्या पायांवर डोकं.

लेथवर आता मी. माझ्याबरोबर परीक्षेला उतरलेल्या धोंडूने लांब पकड घेतली, त्याच्या दांड्यावर लाटा उठल्या. माझा दांडा असा उतरला की गुणाजींनी त्यात पाहून मिशी सारखी केली. मग ते जवळ आले, हत्यार निवलं का म्हणून बोट टेकवून पाहिलं, आणि तीर्थाची कुपी मागितली. दोन थेंब त्यांनीच घातले.

सोबत साखर धाडतो. हिशेबाच्या वहीत मांडू नकोस, तोंडात घाल.

तुझाच
दौलत