मोसगुम्मीचा किडा

कार्ल्सरूहे,
शनिवार, २१ जून २०२५

अहो,

नमस्कार. अक्षर पाहून चष्मा पुसायला उठला असाल तर आधी खाली बसा. हे पत्र मीच लिहिते आहे, उजव्या हाताने. ओळी शेवटाकडे घसरतात त्याला इलाज नाही. दोनदा उठून चहा केला, एकदा पेन बदललं, पण लिहिते मीच आहे.

इकडे सगळी खुशाल. सिद्धांतला कंपनीत नवं प्रोजेक्ट मिळालंय, त्यामुळे तो घरी असला तरी घरात नसतो. रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, देवापाशी दिवा कधी लावायचा तेच मला समजत नाही. तुमची बीपीची गोळी आणि वासंतीवहिनींकडचा डबा दोन्ही वेळेवर चालू असेल असं धरून चालते. समोरच्या खोलीच्या भाडेकराराचे कागद मिळाले. सिद्धांतने छापून माझ्यापुढे ठेवलेत. त्यांचं शेवटी लिहिते.

आधी माझी बातमी. गेल्या रविवारी मी इथल्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळात नाव काढलं. हसू नका, पुढे वाचा.

आपली सूनबाई वेंगुर्ल्याची, माशांत वाढलेली. पण या देशात तळ्यात गळ टाकायलासुद्धा परीक्षा द्यावी लागते! सुरुचीने जर्मनमधलं जाडजूड पुस्तक घोकलं, पास झाली, कार्ड मिळवलं आणि गावाबाहेरच्या तळ्यावर जे मंडळ आहे, आंगेलफेराइन म्हणतात त्याला, त्याची सभासद झाली. मी बिनपरीक्षेची, त्यामुळे मला काठीला हात लावायची मनाई. मी काठावर खुर्ची टाकून बसायचं आणि थर्मासमधला चहा सांभाळायचा.

सुरुची गांडूळ वगैरे लावत नाही. ती गळावर फोमचा खोटा किडा बांधते. मुलांच्या हस्तकलेला रंगीत फोमचे कागद मिळतात ना, इथे त्याला मोसगुम्मी म्हणतात, त्याची करंगळीपेक्षा बारीक पट्टी कापायची, गळावर दोऱ्याने आवळायची, रबराचे पाय लावायचे. हा किडा बुडत नाही. पाण्यावर तरंगत राहतो, दोरी जरा ओढली की धडपडतो, आणि मासा खालून येऊन त्याला मटकावतो.

एप्रिलमध्ये मी आले तेव्हा ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे किडे करायला बसायची आणि रोज वैतागायची. तिचा हात जड. दोरा कचकन ओढला की तो फोम कापूनच जायचा. सैल सोडला की किडा गळाभोवती गरगर फिरायचा. मी समोर बसून बघत होते. तीस वर्षं मुलींना ब्लाउज शिकवलेली बाई मी, दुसऱ्याच्या हातून दोरा असा फुकट जाताना बघवतो का? माझे हात शिवशिवायला लागले. म्हणजे डावा. उजवा गेल्या गणपतीनंतरच्या अर्धांगाच्या झटक्याने कसा झाला होता ते तुम्हाला सांगायला नको.

"आई, तुम्ही बघता का करून?" सुरुची म्हणाली.

"या हाताने?"

"याच. डाव्याने करणार असाल तर नको, मग माझंच बरंय."

मला असा राग आला! आजारपणानंतर माझ्याशी कोणी असं बोललंच नव्हतं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, तुम्ही तर सगळ्यांत हळू. त्या रागातच मी खुर्ची ओढून बसले. गळ धरायला तिच्याकडे टेबलावर बसवायचा चिमटा आहे, त्यामुळे एक हात मोकळा. दोऱ्याचं रीळ तीनतीनदा हातातून पडलं. पण गंमत काय झाली सांगू? माझ्या हातात जोरच नव्हता, म्हणून फोम कापला गेला नाही. दोरा नुसता टेकला, मग हळूहळू बसला. सुरुची डोळे मोठे करून बघत राहिली.

ते पहिले किडे तुम्ही पाहिले असते तर झाडूने बाहेर टाकले असते. आणि गळाभोवती फिरायचे ते फिरतच होते. मग एका संध्याकाळी मला बटणं आठवली. जाड कोटाचं बटण लावताना आपण टाके घालून झाले की खाली दोरा गुंडाळून त्याला मान करतो, मग ते हलत नाही. तसंच आधी नुसत्या गळावर दोरा गुंडाळून घेतला, वर फोम ठेवला, आणि तिरपे वेढे दिले, एकदा इकडून, एकदा तिकडून. किडा जागचा हलेना. पाय मी सिद्धांतच्या जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकमधून ओढून काढले. तो ओरडला, पण ती चड्डी तशीही टाकायचीच होती.

तेव्हापासून रोज बसते. व्हिडिओ कॉलवर माझा उजवा हात कधी दिसायचा नाही, आठवतं? तुम्हाला वाटायचं, लाजून लपवते. लपवतच होते, पण त्यात किडा असायचा.

तुम्हाला सांगितलं का नाही, असं विचाराल. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "दमू नकोस शोभना, मी आहे ना." तुम्ही आहातच. माझी वेणी घालायला शिकलात, भात कालवून भरवलात, ब्लाउजची हुकं लावलीत. एवढं कोण करतं? पण अहो, तुमच्या त्या करण्यापुढे माझ्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. त्याचा मला राग येतो, आणि इथे आल्यापासून तुमच्यावाचून करमतही नाही. दोन्ही खरं आहे.

आता रविवारचं. या तळ्यात सोनेनबार्श नावाचा मासा फार माजलाय. पसरट, तळहाताएवढा, पोट केशरी, अंगावर निळ्या रेघा आणि कानापाशी लाल टिकली लावल्यासारखा ठिपका. दिसायला नववधू, पण मूळचा अमेरिकेचा, आणि इथल्या माशांची अंडी खातो. म्हणून मंडळाने एक दिवस ठरवून सगळ्यांना तेच मासे काढायला बोलावलं होतं. तिथे ब्रेनर म्हणून एक म्हातारे आहेत. ते पिसांचे नाजूक किडे बांधतात, आणि मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सुरुचीची डबी उघडून बघितली आणि काहीतरी बोलले.

"काय म्हणाले ग?"

"खेळणं म्हणतायत. जाऊ दे आई."

मी जाऊ दिलं नाही. डबीतला सगळ्यांत धट्टाकट्टा हिरवा किडा काढून तिच्या हातात दिला. "हा लाव. आणि ते झाडाखाली उभे आहेत ना, त्यांच्यासमोरच टाक."

सुरुचीने टाकला. किडा लव्हाळ्यापाशी पडला, वर्तुळं उमटली आणि विरली. काही होईना. ब्रेनरसाहेब मान हलवून आपल्या काठीकडे वळले. सुरुचीने दोरी जरा ओढली, किड्याचे इलॅस्टिकचे पाय थरथरले, आणि पुच् असा आवाज होऊन किडा गायब!

"आई, खाल्ला! खाल्ला!" ती वेंगुर्ल्याच्या बंदरावर असल्यासारखी ओरडली. मीही ओरडले. थर्मास लवंडला.

त्यानंतर अहो, लागलीच रांग. एक काढला की दुसरा. पिसांचे किडे दोन-चार मासे चावले की भिजून बसतात, आपला मोसगुम्मीचा वर तो वरच. दुपारनंतर तर लव्हाळ्यातून मोठा बार्श आला, इथला तळ्यातला, पट्टेवाला, सुरुचीच्या कोपरापर्यंत लांब. त्याने किडा असा धरला की काठी कमानीसारखी वाकली. मी माझ्या दोऱ्याकडेच बघत होते. मासा सुटला तर माझा वेढा सुटल्यानेच सुटणार होता. सुटला नाही! सुरुचीने मासा जाळीत घेतला, किडा काढून मला दिला. पाय एक तुटला होता, बांधणी जशीच्या तशी. मी रडले. सगळ्यांसमोर रडले, लाज वाटली नाही.

ब्रेनरसाहेब आले. सुरुचीला विचारलं, हे कोणी बांधलं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. करंगळी अजून वाकडी राहते, ती त्यांना दिसली. मग त्यांनी आपली पिसांची डबी माझ्यापुढे उघडली आणि एका किड्याच्या बदल्यात पाहिजे तो घ्या म्हणाले. मी निळा निवडला. संध्याकाळी सुरुचीने सोनेनबार्श रव्यात घोळून तळले. काटे फार, पण तुम्हाला आवडले असते.

आता कागदांचं.

फोनवर तुम्ही म्हणालात, "घर दोघांच्या नावावर आहे, तुझा अंगठा उमटवून पाठव, वहिनींच्या प्रतापने भाडेकरू आणलाय, खोली नुसती पडून आहे." सहज म्हणालात. बँकेतही असंच सहज म्हणाला होतात. मी पेन हातात धरून बसले होते, हात थरथरत होता, आणि काउंटरवरचा मुलगा थांबायला तयार होता. तुम्हीच पुढे होऊन म्हणालात, "साहेब, अंगठा चालेल ना?" मला त्रास नको म्हणूनच म्हणालात, कळतं मला. पण समोरच्या खोलीत माझ्याकडे शिवण शिकलेल्या प्रत्येक मुलीच्या प्रशस्तिपत्रावर माझी सही आहे. त्या दिवशी घरी येऊन मी बोटाची शाई किती वेळ घासत होते ते तुम्ही पाहिलंत, आणि तुम्हाला वाटलं शाई निघत नाहीये.

खोली पडून नाही. ती माझी वाट बघतेय. प्रतापला सांगा, भाडेकरूला दुसरी जागा बघून दे. करार याच पाकिटातून परत पाठवते आहे, कोरा. त्यावर अंगठा नाही आणि सहीही नाही.

सही इथे केली आहे. बँकेतल्या जुन्या सहीशेजारी ठेवून बघा. मी जुलैत येते आहे, तोवर दोन्ही मशीनना तेल घालून ठेवा.

तुमचीच,

शोभना विलास तासगावकर