जिथे असतील तिथे

ग्वादालाहारा, बुधवार, १३ नोव्हेंबर

ती. दादास,
धाकट्या नेरेइदाचा सा. न. वि. वि.

फोनवर काही बोलू नकोस. हे पत्र बसवाल्या डॉन सेवेरोंबरोबर पाठवते आहे. नाक्यावरची बंदूकवाली पोरं सगळ्यांचे मोबाइल उघडून बघतात, पण त्यांच्या डब्याच्या पिशवीत हात घालत नाहीत. मला जे कळलं ते आधी लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

१. शनिवारी कुलियाकानबाहेरच्या मळ्यावर आरांसाचा पंधरावा वाढदिवस होता. तुझा ग्रुप वाजवत होता.
२. एका गाण्याच्या मधे तू तिच्या वडिलांना, सार्कोला, सलाम दिलास. ‘आज आपल्यात बसलेले’ असं म्हणालास.
३. कोणी पाहुणा ते मोबाइलवरून थेट दाखवत होता.
४. सार्को वर्षभर दुसऱ्या टोळीपासून लपून होता. रविवारी सकाळी मळ्याच्या फाटकाशी त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. तो गेला.
५. सोमवारी त्याचा भाऊ आपल्या घरी आला. आईच्या हातची कॉफी प्याला आणि नऊ दिवसांची प्रार्थना संपली की दादाने कबरीवर गायला यावं, असं सांगून गेला.

अशा माणसाला सलाम देताना नेहमी ‘जिथे असतील तिथे’ म्हणायचं, समोर बसला असला तरी, हे तूच मला शिकवलंस. मी तेव्हा शाळेत होते आणि तुझ्या तारा गुंडाळायचे. मग असं कसं झालं? आणि कबरीवरचं हे बोलावणं मानाचं आहे की जाब विचारायचं? मला इथून ओळखता येत नाही.

जेवत जा. आईला सांभाळ.
तुझी,
नेरेइदा

---

कुलियाकान, शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. नेरेइदास,
अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

तुझं पत्र आहे की पंचनामा? आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पोरीला साउंड इंजिनिअर केलं तिथेच चुकलं, नर्स केली असती तर निदान तब्येत तरी विचारली असती. तिने गव्हाच्या पोळ्या आणि तिखट मांसाचा चिलोरियो पाठवलाय. सेवेरोने वाटेत अर्धा खाल्ला असेल तर त्याच्याशी भांड, माझ्याशी नको.

तुझे पाचही मुद्दे बरोबर. कसं झालं म्हणतेस, तर जीभ घसरली. दोन बिअर झाल्या होत्या, गाणं रंगात होतं, बोलून गेलो. यापलीकडे काही नाही.

कबरीवर मी जाणार. नाही गेलो तर मीच त्याला दाखवून दिला असं होईल. आणि कबर बघशील तर तुझ्या खोलीपेक्षा मोठी आहे, आत थंड हवेचं यंत्र आहे. तू तिथे भाड्याने राहा असं आई म्हणाली असती, पण मी तिला सांगितलंच नाही.

शनिवारचं रेकॉर्डिंग याच पिशवीत आहे. अल्बमचं ठरलेलं होतं, ते तुझ्या हाताने होऊ दे. फक्त तो सलाम काढून टाक.

माया होती तेवढीच ठेव, भांडण कमी कर.
तुझा,
एवारिस्तो

---

ग्वादालाहारा, सोमवार, १८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिलोरियो पूर्ण पोचला. डॉन सेवेरोंची माफी माग.

सलाम मी काढणार नाही. तो लोकांनी ऐकलेला आहे. अल्बममध्ये नसला तर काही लपवलं असं दिसेल. शिवाय तुझी जीभ घसरली नव्हती. गाण्याचा माइक तू हाताने झाकलास, पण छातीवरचा अकॉर्डियनचा माइक झाकायचा राहिला. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक माइक वेगळा असतो.

त्यावर सार्कोचा आवाज आहे. तो म्हणतो, मास्तर, मी आलोय म्हणून सांग, पोर संध्याकाळपासून फाटकाकडे बघतेय, तिला वाटतंय बाप आला नाही. तू म्हणतोस, साहेब, नेहमीसारखं म्हणतो, यात सगळ्यांचं बरं आहे. तो हसतो आणि म्हणतो, अरे एक दिवस तरी मला बाप होऊ दे. मग तू ते म्हणालास.

दोष तू स्वतःवर का घेतलास तेही कळलं. वडील तिच्यासाठी उघडे पडले हे आरांसाला कधी कळू नये म्हणून. हे तुला शोभणारं आहे, पण यात तुझा जीव जाऊ शकतो. तेवढा तुकडा वेगळा करून कॉफीच्या पुड्यात ठेवला आहे. कबरीवर जाण्याआधी तिच्या आईला, एकटीला, ऐकव. एवढं माझं ऐक.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
नेरेइदा

---

कुलियाकान, रविवार, २४ नोव्हेंबर

चि. नेरेइदास,
अनेक आशीर्वाद. टपली मागे घेतली.

तुझं ऐकलं. आरांसाच्या आईने, दोन्या एदुविहेसने, स्वयंपाकघरात, कानात घालून ऐकलं. मग परत लावायला सांगितलं, मग परत. माझ्यासाठी नाही गं, त्याच्या आवाजासाठी. शेवटी म्हणाली, हे माझ्याकडे राहू दे, पोरीच्या कानावर जाता कामा नये. बाहेर जाऊन दिराला म्हणाली, गाणाऱ्याच्या वाटेला कोणी जायचं नाही. गुरुवारी कबरीवर गायलो आणि घरी येऊन आईच्या हातचं पोसोले तीन वाडगे खाल्लं. आई म्हणाली, मरणाच्या दारातून आलास तरी मीठ जास्तच मागतोस.

आता खरी बातमी. निघताना त्या भावाने गळ्यात हात टाकला. म्हणाला, मास्तर, सार्कोचा कोरिदो, त्याच्या जगण्या-मरण्याचा पोवाडा, तूच रच. कोणी मारलं त्यांची नावं घालून. बारा डिसेंबरला, देवीच्या सणाला, तो वाजला पाहिजे.

मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण नेरे, आजवर मी दुसऱ्यांचीच गाणी गायली. मला कोणी कधी रच म्हणालं नव्हतं. आणि ते सुचतंय! सुरुवात अशी:

गुलाबी झग्यात पोर उभी, डोळे तिचे फाटकाकडे,
बाप आत येऊन बसला, कुणी सांगावं तिच्यापुढे?

तुझा कान आपल्या घरात सगळ्यांत तिखट. चांगलं आहे का सांग. खरं सांग.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारा,
एवारिस्तो

---

ग्वादालाहारा, बुधवार, २७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खरं सांगते. चांगलं आहे. तू आजवर गायलेल्या कशाहूनही चांगलं आहे. स्टुडिओत कोणी नसताना मी ते चालीवर म्हणून पाहिलं. मला पुढे म्हणवेना.

म्हणूनच ते पसरेल. प्रत्येक ट्रकमध्ये वाजेल आणि आरांसा ते ऐकेल. जे तिच्यापासून लपवायला तू जीव पणाला लावलास, तेच तू पहिल्या दोन ओळींत लिहिलं आहेस. ते तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू रचण्यात रंगला होतास. तुझा मला एवढा अभिमान वाटतोय आणि मी हे लिहिते आहे, याचं मला वाईट वाटतं.

त्या ओळी काढल्यास तरी नावं राहतात. नावं घातलीस तर ज्यांची नावं ते येतील. नाही घातलीस तर भाऊ येईल. हे गाणं कसंही मिक्स केलं तरी त्या घरात राहून तुला ते गाता येणार नाही, आणि नाकारताही येणार नाही. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं.

इथे स्टुडिओला अकॉर्डियनवाला हवा आहे. मुलांच्या वाढदिवसाची गाणी आणि सरबताच्या जाहिराती आहेत. तू हसशील. हस. माझ्या खोलीशेजारची खोली रिकामी आहे. आई नाही म्हणेल. तिला सांग की मी पोळ्या विकतच्या खाते. ती आधी बसमध्ये चढेल. त्या दोन ओळी लिहून ठेवू नकोस, माझ्याजवळ आहेत. आरांसा मोठी झाली आणि तिने स्वतः विचारलं, तर तेव्हा बघू.

डॉन सेवेरो सोमवारी पहाटे कुलियाकानहून परत निघतात. पुढच्या दोन जागा त्यांनी धरून ठेवल्या आहेत. हे पत्र देऊन ते तिथेच थांबतील. तुम्ही दोघं येताय की नाही, ते रविवार, १ डिसेंबरपर्यंत त्यांना कळव.

तुझी,
नेरेइदा