दोन रबरी चाकं

बाबा, आज सौंसरच्या आपल्या वर्कशॉपात गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. गोष्ट तुमच्या टर्बाइनची आहे. चाळीस वर्षं होत आली तिला.

नागपूरच्या भंगारातून तुम्ही ट्रकचा टर्बोचार्जर आणलात, त्याला पत्र्याची भट्टी जोडलीत आणि रॉकेलवर चालणारं गॅस टर्बाइन घरीच बनवलंत. ते पेटलं की शेजारी कानात बोटं घालायचे. अडचण एकच होती. बेअरिंगला सतत तेल लागायचं आणि तेलाचा पंप बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की बेअरिंग जळायचं. यंत्रानं आपला तेलपंप आपणच फिरवावा, ही तुमची हौस. पण शाफ्ट पेन्सिलीएवढा बारीक, आणि मिनिटाला साठ हजार फेरे घेणारा. मी तीनदा पट्टा चढवला, तीनदा तुटला. तिसऱ्यांदा तुकडा उडून खिडकीची काच फुटली. तुम्ही एवढंच म्हणालात, "तू डोक्याच्या आंधी हात चालवतं." ते मला फार लागलं.

त्याच आठवड्यात दुपारी माझी बायको चहा घेऊन आली. लग्नाला दीड वर्ष झालेलं, घरी ती ब्लाउज शिवायची. कप हातात धरून ती शाफ्टकडे बघत राहिली आणि सासऱ्यांचा संकोच न धरता तुम्हाला म्हणाली, "मामाजी, शिलाई मशीनवर बॉबिन भरताना मोठं चाक छोट्या रबराले घासून फिरवते. इथं उलटं करून पाहा न. बारीक शाफ्टले मोठं रबरी चाक टेकवा, ते हळू फिरन, त्यालेच पंप जोडा."

"शाफ्ट एका बाजूनं दाबला जाईल," मी लगेच म्हणालो.

"मंग दोन्ही बाजूनं लावा."

तुम्ही चहा तसाच ठेवलात. चार दिवस तुम्ही दोघं लेथवर होता. मी बाहेर संत्र्याच्या बागवाल्यांचे पंप उघडत होतो, आणि आतून तुमचं हसणं ऐकू येत होतं. माझ्याबरोबर काम करताना तुम्ही असे कधी हसला नव्हता. पाचव्या दिवशी टर्बाइन पेटलं, दोन्ही चाकं फिरली, तेलाच्या दाबाचा काटा वर चढला आणि तुम्ही बॅटरीची वायर काढून टाकलीत. मग कपाटातला, केसाचीही जाडी मोजणारा तुमचा मायक्रोमीटर काढून तिच्या हातात दिलात. त्याला मला कधी हात लावू दिला नव्हता, बाबा. मी तेव्हा तिशीचा होतो, तरी पोरासारखा उठून बाहेर गेलो.

पांढुर्ण्याच्या प्रदर्शनाला तुम्ही तापामुळे येऊ शकला नाहीत. आम्ही दोघंच यंत्र घेऊन गेलो. गर्दीतल्या एका इंजिनिअरनं वाकून चाकं पाहिली आणि विचारलं, "ही अक्कल कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

ती शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फडकं घेऊन सांडलेलं तेल पुसू लागली. परतीच्या बसमध्ये तिनं माझ्याकडून तिकिटं घेऊन पदराला बांधली. नंतर म्हणाली, "भूक लागली."

घरी तुम्ही गोधडीतून विचारलंत, "पोरीचं नाव सांगतलं न?"

"सांगतलं," मी म्हणालो. तुम्ही समाधानानं कूस बदललीत. दोन वर्षांनी गेलात, ते समाधान घेऊनच.

तिनं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. आजही बागवाले मोटरचा आवाज ऐकवायला तिलाच बोलावतात, ती डोळे मिटून बरोबर दोष सांगते, आणि मी तेच जुनं जळणं घेऊन लेथकडे वळतो. या वयात कमी व्हायला हवं होतं.

आत्ता ती दारात येऊन गेली. म्हणाली, "एवढं काय लिहून राहिले?"

"पंपाचं कोटेशन," मी म्हणालो.