पूजेआधी पट्टा काढायचा

देवास
८ ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं,

वैजूचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जरा बरे असतील. धारला थंडी पडली नसेलच, इथेही अजून पंखा चालू आहे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आमचा भगवंत कसा आहे?" आणि मी "मजेत" म्हणून मोकळी झाले. हे शेजारीच बसले होते, दुसरं काय सांगणार? शिवाय तुम्हाला ऐकू कमी येतं. ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या कॉलनीला कळलं असतं. म्हणून हे पत्र.

आधी गंमत सांगते. मी चामड्याचं काम शिकले. नाक मुरडू नका! हे जन्मभर चामड्याच्या कारखान्यात माल तपासत होते, तेव्हा सासूबाई त्यांना अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. आता त्यांची सूनच घरात चामडं कापत बसते. राजवीर नावाचा एक मुलगा रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये क्लास घेतो. श्रेयसनंच बंगळूरहून माझं नाव घातलं. "आई, कुछ तो अपने लिए कर." आपलाच मुलगा, पण मायेचं बोलायचं झालं की त्याला हिंदीच सुचते.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती. दुकानात जाऊन मी आरी मागितली, चामडं टोचायची. त्यानं लाकूड कापायची करवत पुढे ठेवली. "यही तो आरी है, भाभीजी!" हिंदीत आरी म्हणजे करवत, हे सारा जन्म देवासात काढून मला आठवू नये? हे बाजूला उभे होते, पोट धरून हसले. तेव्हा एवढं तरी कळत होतं त्यांना.

क्लासला यांनाही घेऊन जायची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर ओवायच्या. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. मी शिवत असायची आणि हे कातड्याचे तुकडे चाचपत गप्प बसायचे. खरं सांगायचं तर त्यासाठीच जात होते मी. तुमच्या स्वानंदीला एक पर्स शिवून ठेवली आहे. शिवण जरा वाकडी आहे, पण आजीच्या माहेरची म्हणून घेईल ती.

आता पुढचं. हे थोडं विसरतात, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. वन्सं, हे घरातून निघून जातात. धारला, आपल्या घरी जायचंय, आई जेवायची थांबली असेल, म्हणतात. कुलूप लावलं तर दार बडवतात, "मुझे बंद कर दिया" म्हणून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारतात. एकदा गजांवर कपाळ फोडून घेतलं. माणूस ठेवला, तो टिकला नाही. श्रेयसकडे नेलं, तर लिफ्टमध्ये शिरलं की लहान मुलासारखे रडायचे. जुन्या साडीच्या पट्टीनं बांधून पाहिलं, ती दातांनी फाडली.

मग मी पट्टा शिवला. हो, तुमच्या भावासाठी. मनगटाला मऊ कातडं, आतून लोकर, आणि लांब पट्टी. तिचं दुसरं टोक माझ्या कमरेला. बक्कल उघडायचं ते विसरलेत. कापड ते ओढतात, चामडं ओढत नाहीत, त्यावर अंगठा फिरवत बसतात. पट्टा तयार झाला तेव्हा त्यांनीच तो उजेडात धरला, टाके ताणून पाहिले आणि म्हणाले, "पास." कुणासाठी ते विचारलं नाही. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन तो त्यांना बांधला.

सगळं विसरले, पण चामडं अंगावर असताना देवाला शिवायचं नाही, हे विसरले नाहीत. रोज सकाळी हात पुढे करायचे, "काढ, पूजा आहे." मी काढायची. बाळकृष्णाला अंघोळ घालताना एक मंत्र चुकत नसे. तेवढा वेळ आपला माणूस आपल्याला परत मिळाला असं वाटायचं.

गणपती झाल्यावर एक दिवस मी नैवेद्याचं दूध आणायला आत वळले आणि हे गेले. धारची म्हणून भलत्याच बसमध्ये चढले, कंडक्टरनं सोनकच्छला उतरवून दिलं. मंडीपाशी सापडले, अनवाणी, नेसत्या सोवळ्यानिशी. नाव सांगता येत नव्हतं. ज्यांनी बसवून ठेवलं होतं ते म्हणाले, "माताजी, ट्रक के नीचे आते-आते बचे हैं बाबूजी."

तेव्हापासून पट्टा काढत नाही. पूजेपुरती कापडाची पट्टी बांधली, तिच्याही चिंध्या केल्या. आता हे देवघराच्या उंबऱ्याशी येतात, मनगट बघतात आणि बाहेरच थांबतात. पूजा बंद म्हणजे घरात सुतक, एवढं त्यांना अजून बरोबर कळतं. मला विचारतात, "कोण गेलं गं?" कुणी नाही म्हटलं की म्हणतात, "मग काढ." मी काढत नाही, आणि ते पुन्हा विचारतात.

काल विचारलं, "ताई गेली का?"

मी कणीक मळत होते. फार दमले होते, वन्सं. मी नाही म्हटलं नाही. कणीक मळत राहिले.

ते उठून न्हाणीघरात गेले, पट्ट्यामागून मीही ओढली गेले. कपड्यांनिशी डोक्यावर बादली ओतून घेतली. तुमच्या नावानं. मीही भिजले. मग हे दिवसभर भिंतीला टेकून बसले. दाराकडे गेले नाहीत, धारचं नाव काढलं नाही. आणि मला बरं वाटलं. घरात शांतता होती म्हणून बरं वाटलं मला.

भाऊबीजेपर्यंत थांबू नका. गुडघे दुखत असले तरी या, आणि त्यांच्यासमोर उभ्या राहा. तुम्हाला ओळखलं की ते हात पुढे करून पट्टा काढायला सांगतील. तेव्हा मी काय करायचं, ते तुम्हीच सांगा. मला आता काही कळत नाही.

तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, असं आज सकाळी देवापुढे रडून मागणारी,

तुमची वैजू