कप्तानाच्या बायकोची चिठ्ठी

अहो मनूचे बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

काल सगळ्यात आधी आली ती चित्रं काढणारी पोरगी, चपलांसकट थेट देवघरापर्यंत! मागून आपली नात रेवा, खोकी उचलून धापा टाकत. तुमची ती आवडती जहाजाची कादंबरी या दोघी नव्यानं काढताहेत. नुसती वाचायची नाही हो, खेळायची! पानांना खिसे, खिशांत नकाशे, आणि एका डबीला अक्षरांचं कुलूप. कप्तानाचं नाव जुळवलं की उघडतं. ते नाव सापडणार त्याच्या बायकोच्या चिठ्ठीत, आणि चिठ्ठी लिहायची मी! काल ती लिहिली, म्हणून आज तुम्हालाही लिहावंसं वाटलं. बोटं अजून ठणकताहेत.

रेवा मराठी वाचताना अडखळते. गोष्ट मीच सांगितली, तुम्ही धारला वाचून दाखवायचात तशी. ऐन वादळात पुस्तक मिटून चहा मागायचात, आठवतं?

माझं अक्षर कसं, ठाऊक आहेच तुम्हाला. पण रेवा म्हणते, "आजी, ऐसा ही तो चाहिए!" चार कागद वाया गेले. मान धरली. शेवटी म्हणाली, "वर लिही, प्रिय दौलतराव."

मी पेनच खाली ठेवलं. बाईमाणूस नवऱ्याचं नाव असं उघडं लिहील?

"नाम नहीं तो ताला कैसे खुलेगा, आजी?" चित्रवालीचं तोंड रडवेलं. आज छापखान्यात द्यायचं होतं ना!

मी बसले विचार करत. शिणले अगदी. मग चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं:

दर्याला आली भरती, शिडात भरला वारा,
दौलतरावांचं नाव घेते, धाडा त्यांना घरा.

रेवानं मिठीच मारली! चित्रवालीला उखाणा काय ते कळेना, तरी टाळ्या.

त्या गेल्या आणि मी तशीच बसून राहिले. तुम्ही नोकरीला कुक्षी गावी होतात, तेव्हा अक्षराची लाज वाटून मी शेजारच्या काकूंकडून पत्रं लिहून घ्यायची. सुट्टीत आलात तेव्हा म्हणालात, "काकूंची पत्रं पोचली, तुझं कधी येणार?" मी हसले. किती वेडी होते! आणि तुम्ही तरी एकदाच का विचारलंत? परक्या बाईच्या नवऱ्याला पानभर लिहिलं, तुम्हाला मात्र तुम्ही होतात तोवर एक ओळ नाही.

आता जमेल तेव्हा लिहीन, चुकतमाकत, पण माझ्याच हातानं. दुसऱ्या कुणाला लिहायला सांगणार नाही, शब्द देते.

पोरी गुरुवारी परत येतो म्हणाल्यात.

आपली,
मनूची आई