एकेरी मलमलीची खोळ

प्रिय दाजी,

हयात असताना तुम्ही एक अट घातली होती. "सुधाकरराव, तुमची चूक तोंडी ऐकायची न्हाई आपल्याला. लिहून द्या. तुमी लेखक माणूस!" म्हणून लिहितोय. आज सकाळी तुमची फटफटी ऐन कापसाच्या दिवसांत सेलूच्या जिनिंग मिलच्या गल्लीतून एकदाही न खोकता गेली आणि जिंतूरहून तशीच परत आली. तेव्हा घ्या लेखी: हवेच्या फिल्टरच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. खाली सहीही करतो.

लगेच मिशीत हसू नका. थोडी चूक तुमचीही आहे, तीही लिहिणार आहे.

आपला वाद आठवतो ना? गाडी जुनी, तिचा फिल्टर तिच्याहून म्हातारा दिसायचा. काळ्या पत्र्याचा डबा, आत कंपनीची जाळी आणि डब्याच्या तोंडावर नाडीनं आवळलेली एक मळकट चिंधी. मी दर दिवाळीला म्हणायचो, "दाजी, नांदेडला उघडा फिल्टर मिळतो. चकचकीत, निमुळता, थेट कार्बोरेटरवर बसतो. गाडी नुसती उडेल!"

तुम्ही सुपारी कातरत म्हणायचात, "उडून जायचंय कुठं? जिंतूरलाच ना?"

आणि वर ते तुमचं ठरलेलं: "इंजनाला हवा पायजे सुधाकरराव, वारा न्हाई." हे वाक्य मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात पुढाऱ्यांवर वापरलं, तुमचं नाव न घेता. लोकांनी लय दाद दिली. चला, तीही कबुली आजच उरकली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनातले बंदचे दिवस आठवतात. एस.टी. जागच्या जागी उभ्या होत्या आणि मला जिंतूरला परीक्षेचे पेपर तपासायला जायचं होतं. तुम्ही मला मागं बसवलंत. नाव द्यायलाच पाहिजे, असं तुम्ही भर चौकात उघड म्हणायचात. मी तेच विनोदाच्या पदराआडून लिहायचो आणि स्वतःला धाडसी समजायचो. त्या दिवशी जिनिंगच्या गल्लीतून बाहेर पडल्याबरोबर तुम्ही गाडी थांबवलीत, खाली वाकलात आणि डब्यावर दोन थापा मारल्यात. गाय थोपटावी तशा. मी मनात म्हटलं, जिनिंगमध्ये आयुष्यभर फिटर म्हणून राबलेला माणूस, आणि यंत्राला लाडानं थोपटतो! त्या प्रसंगावरही मी एक लेख लिहिला. तुम्ही वाचलात, हसलात आणि गप्प बसलात.

दाजी, तेव्हा का नाही सांगितलंत? एका शब्दानं सांगितलं असतं, की ही चिंधी नाही, खोळ आहे. थाप मारली की तिच्यावर बसलेली जिनिंगची रुई झडते! तुमची चूक म्हणतो ती हीच. आम्हा मास्तर लोकांना सांगितल्याशिवाय काही कळतं, हा गैरसमज तुम्ही शेवटपर्यंत बाळगलात.

मग तुम्ही काविळीनं गेलात. वर्षश्राद्ध झाल्यावर अक्कानं गाडीची चावी धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "चालती ठेव. उभी राहून गंजलेली मला बघवणार न्हाई."

आणि मी काय केलं? नांदेडहून चकचकीत फिल्टर आणला. कंपनीची जाळी आता जुनी झाली, असं स्वतःला पटवलं. खरं तर मला पंचेचाळिसाव्या वर्षी पोरासारखा आवाज काढत शाळेत जायचं होतं. तुमच्या जब्बार मिस्त्रीला विचारलंही नाही. रविवारी अंगणात पाना घेऊन बसलो, तुमचा डबा काढून माळ्यावर टाकला, चिंधीनं गाडीची साखळी पुसली आणि ती नालीत फेकली.

हो, त्याच चिंधीनं!

पाऊसकाळ आणि दसरा झकास गेला. गाडी अशी डरकाळी फोडायची, की शाळेतले शिपाई उठून उभे राहायचे. मग कापूस आला. कापसाच्या बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, जिनिंग सुरू झाली आणि रुईचे तंतू हवेत तरंगायला लागले. माझ्या उघड्या फिल्टरनं पांढरी गोधडी पांघरली आणि गाडी बसली. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी. दुसऱ्यांदा थेट एस.टी. स्टँडसमोर. तिथं माझे वाचक पुष्कळ! एकानं विचारलंच, "सर, पुढचा लेख ढकलत लिहायलाव का?"

त्या दिवशी अक्काच्या घरी पोचायला मला दोन तास उशीर झाला. अक्का ओट्यावर उभी होती. रागावली नाही, त्याचीच भीती वाटली.

"मानवतचा दूधवाला गाडी मागायलाय," ती म्हणाली. "आणखी एकदा रस्त्यात बसली तर देऊन टाकीन. दुधाचे कॅन वाहील."

"अगं, दाजींची गाडी..."

"म्हणूनच. मला रस्त्याकडं डोळे लावून बसायचं न्हाई आता, सुध्या. एकाची वाट बघून झाली."

तसाच गाडी ढकलत जब्बार मिस्त्रीकडे गेलो. त्यानं चकचकीत फिल्टर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

"सर, इसकी खोळ काँ गई?"

"कुठली खोळ?"

"वो मलमल की. तुमारी आपा सीके देते थे. रुई उसके उप्परच रुकती थी. फिटर साब दो थाप मारे, झड गई."

साखळीचं मी त्याला सांगितलं नाही. फक्त एवढंच विचारलं, की मग नवी खोळ शिवून या उघड्या फिल्टरवर चढवली तर? तो म्हणाला, "चढाव. लेकिन चमक ढक जाएगी, सर. फिर लिया कायकू?" इतका नेमका टोला मी वीस वर्षांच्या लेखनात कुणाला मारलेला नाही.

निर्णय तिथंच झाला. माळ्यावरून डबा उतरवला, कंपनीची नवी जाळी मागवली आणि अक्कासमोर जाऊन खोळीचं काय केलं ते सगळं सांगितलं. साखळीसकट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. "ह्यांना माहीत होतं!" म्हणाली. "म्हणायचे, माझ्या माघारी सुधाकर पहिल्यांदा खोळ फेकणार."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तरी गप्प! वा दाजी!

अक्का म्हणाली, खोळीला एकेरीच मलमल लागते, दुहेरी केली की गाडीला दम लागतो. नवं कापड चालत नाही, त्यात खळ असते. चांगलं धुऊन धुऊन विरळ झालेलं लागतं. एवढं बोलून ती उठली आणि तुमची पेटी उघडली. तुम्ही गेल्यापासून बंद असलेली. लग्नकार्यातला तुमचा मलमलीचा सदरा तिनं बाहेर काढला आणि कात्री घेतली.

"अक्का, राहू दे. दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं कशाला? ह्यांचा सदरा ह्यांच्याच गाडीला. पेटीत ठेवून डांबरगोळ्यांना घालायचा व्हय?"

सदऱ्याच्या पाठीची खोळ झाली. नाडी तिनं जुन्या परकराची घातली. मी म्हटलं, दाजींना चाललं असतं का? "जन्मभर चाललंय," म्हणाली.

आज जिंतूरहून परतताना डरकाळी नव्हती. डब्यातून येणारा तो तुमचा जुना, दबका, सावकाश आवाज होता. कोपऱ्यावर वळलो, तोवर अक्कानं चहा ओतला होता, आणि तोही तुमच्या कान तुटलेल्या कपात. तिनं दारात मला पाहिलं, कपाकडे पाहिलं. मग कप माझ्यापुढे सरकवला.

"ओतलाय तर पी. साखर ह्यांच्यापुरती हाय, तुला गोडच लागंल." आणि आत जाता जाता म्हणाली, "दूधवाला दिसला तर सांग, गाडी द्यायची न्हाई."

चहा भयंकर गोड होता, दाजी. मी सगळा प्यालो.

तेव्हा शब्द देतो. दर रविवारी खोळ स्वतः धुईन. जिनिंगची गल्ली ओलांडली की गाडी थांबवून दोन थापा मारीन, कुणी कितीही हसलं तरी. सदऱ्याची पुढची बाजू आणि दोन्ही बाह्या अजून शिल्लक आहेत. त्या संपेपर्यंत ही गाडी अक्काच्या दारात वेळेवर पोचेल. आणि कोपऱ्यावर वळताना मी हॉर्न वाजवणार नाही. तिला आवाज ओळखू येतो.

लेखी कबुली देणारा,
तुमचा मेहुणा
सुधाकर