उसाच्या शेतातलं बारसं

पर्वत पाटिया, सुरत
१४ जानेवारी १९९६

ती. शोभाअक्कास,
गोपालचा शि. सा. न.

चलथाणच्या वाटेवर उसाच्या शेतात सोसायटी होते आहे. तिथे आपला प्लॉट पक्का झाला. छायाचं बाळंतपण नव्या घरातच करू. फक्त पायाआधी पुरातत्त्ववाले जमीन उकरून पाहत आहेत. फार जुन्या घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेली मडकी निघाली. आत तान्ह्या मुलांची हाडं. साहेब म्हणाले, आयांनी मेलेली लेकरं घरातच ठेवली, जवळ.

छाया तिथे ब्रशने माती झाडायला रोजावर जाते. काल तिने पाळणा म्हणत एकेका मडक्याला नाव ठेवलं, मजूर बायांना घुगऱ्या वाटल्या. आमचं पहिलं बाळ बिननावाचं गेलं, म्हणून असेल. मला काही बोलवेना.

रागावून का होईना, लिहीत जा.
तुझा गोपाल

अमळनेर
२२ जानेवारी १९९६

चि. गोपालास अनेक आशीर्वाद.

लूम कामगारांच्या सभेत भूतबाधेविरुद्ध गळा फोडणारा तू, आणि घरात मूग गिळून बसतोस? पोटुशी बायको कुणाच्या कबरीत बसवलीस! बारसं आईने करायचं. ज्यांची लेकरं, त्यांना कुणी विचारलं? नाव ठेवलं की नातं लागतं, आणि नातं लागलं की माणसं दारात येतात. छायाला रेल्वेत बसवून दे, बाळंतपण मी करते.

एवढं ऐक, मग हवा तेवढा भांड.
तुझी अक्का

पर्वत पाटिया, सुरत
९ एप्रिल १९९६

ती. अक्कांस,
छायाचा शि. सा. न.

बोलावलंत, बरं वाटलं. पण येता येत नाही. साहेबांनी मडकी गाडीत घालून नेली, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी त्या प्लॉटवर येतात. आपल्यासारख्याच बाया. रडत नाहीत. मी एकेका लेकराचं नाव घेते, तशी त्याची आई पुढे होते. पोरं गाडीने गेली म्हटलं, तर त्यांना गाडी कळत नाही. मी तिकडे आले तर त्या कुणाकडे बघतील?

ह्यांना त्या दिसत नाहीत. तरी तिथून जाताना हे अंग चोरून चालतात, कुणाला वाट दिल्यासारखे.

परवा एकीने माझ्या पोटावर हात ठेवला. हात चांगला ऊबदार होता. बाळ हलायचं थांबलं. मग पुन्हा हललं, काळजी करू नका.

घराची फरशी बसली. मधल्या खोलीत फरशीखाली एका मडक्यापुरती जागा मी मोकळी ठेवायला सांगितली. कशाला, ते ह्यांनी विचारलं नाही.

तुमची माया आम्हा दोघांवर असू द्या.
छाया